मोड आलेली मजुरी

इचलकरंजीतले यंत्रमाग तुटलेला धागा आपला आपण सांधू लागले होते, तरी मागावर माणसं लागतच होती, त्या काळातली ही गोष्ट. आण्णांच्या मिसळीच्या हॉटेलात ठमी नावाची रोबो कामाला होती. भारी हुशार, पण मराठीत घसरायची. आण्णांनी तिला नोट देऊन शेजारून मोड आणायला धाडलं, तर बाईसाहेब वाटीभर मोड आलेली मटकी घेऊन हजर.

"सुट्टे पैसे गं, ठमे," आण्णा खेकसले. एरवी ते हसले असते. पण सरकारनं किमान वेतन (ज्याच्या खाली कुणाला राबवता येत नाही, अशी कायद्यानं ठरवलेली मजुरी) वाढवलं होतं. परवडणार नाही म्हणून हॉटेलात राबणाऱ्या हौसामावशीला कामावरून कमी करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आण्णांची नात केतकी रडवेली झाली. शाळेत जाताना तिची वेणी मावशीच घालायची.

"पगार वाढून मावशीचं कामच जाणार असेल, तर कायदा चांगला कसा?" तिनं ठमीला विचारलं.

"पगार एकट्या मावशीचा वाढला का?"

"न्हाई. मागावरच्या सगळ्यांचा."

"मग ते जादा पैशाचं काय करतील?"

"माझी मैत्रीण सुलू, तिचे बाबा तिला चप्पल घेणार हायत."

"आणि चप्पलवाला?"

"तो तर हितंच मिसळ खातो," केतकी म्हणाली आणि थांबली. "म्हंजे पैशाला मोड येतात?"

"येतात. त्याला गुणक परिणाम (एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, असं वाढत जाणं) म्हणतात."

"आन् मोड येईस्तवर मी काय खाऊ?" आण्णा म्हणाले.

"तेही खरं. मटकी पाण्यात बुडवूनच ठेवली तर कुजते. पगार झेपेल तसाच वाढवावा लागतो. काही धंद्यांना तरीही जड जातं. पण मटकी भिजवलीच नाही, तर मोड कधीच येत नाहीत."

आण्णांनी मिसळीचा कट ढवळला. "मावशीला एक म्हैना ठेवून बघतो," ते म्हणाले. मिसळ त्यांनी थोडी महाग केली.

महिन्यानं, मागवाल्यांच्या पगारानंतरच्या सुट्टीला, हॉटेलात बसायला जागा नव्हती. सुलू नव्या चपला मिरवत आली होती. तेवढ्यात त्या दिवशी रजा घेतलेली हौसामावशी लेकीला घेऊन आली आणि पहिल्यांदाच बाकावर बसली.

"आज मी गिऱ्हाईक हाय, आण्णा. पैसे घ्यायचे."

आण्णांनी तिची नोट हातात घेतली. "ठमे, मोड आण."

"कोणती?" ठमीनं विचारलं.

आण्णांनी भरलेल्या बाकांकडे पाहिलं. "दोन्ही."