खालची अक्षरं

बसा, पण जिन्यातला दिवा राहू द्या. आणि तो मोबाईल खिशात ठेव रे, गोष्ट त्याच्याच भाऊबंदांची आहे.

माझ्या शेजारच्या दारात घड्याळकाका राहतात. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. काकूंना शेवटच्या काही वर्षांत ऐकू येणं पार थांबलं होतं. कानात यंत्र घालायच्या नाहीत. म्हणायच्या, डोक्यात भांडी पडल्यासारखं होतं. मग घरातलं सगळं बोलणं स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या पाटीवर चालायचं. दूध संपलं. डॉक्टर पाचला. मला कसं माहीत? दुसऱ्याच्या घरातली पाटी न वाचण्याइतका मी सज्जन नाही.

रोज जेवणानंतर दोघं टीव्हीवर सिनेमा बघायची. काकूंसाठी सबटायटल लावलेली असायची. त्या त्याला खालची अक्षरं म्हणायच्या. काका आवाज पूर्ण बंद करायचे. म्हणायचे, तिला नाही तर मला कशाला? आमची भिंत एक, पण त्या टीव्हीचा आवाज मी कधी ऐकला नाही. प्रयत्न केला नाही असंही नाही. काकू सावकाश वाचायच्या. एखादं वाक्य निसटलं की बोट वर करून हवेत उलटं फिरवायच्या. म्हणजे मागे घ्या. काका रिमोटने मागे घ्यायचे. एकाच वाक्यासाठी दोनदा, तीनदासुद्धा. कधी कुरकुर नाही.

मुलगा दूर परदेशात. त्याने कपाटात एक छोटा डबा बसवून दिला होता. सिनेमे, घरचे व्हिडिओ, सगळं त्या डब्यात, आणि टीव्ही त्यातून घ्यायचा. टीव्ही लावला की आधी दोन नावं यायची. बाबा आणि आई. ज्याने जे बघून संपवलं, त्याच्या नावाखाली त्या व्हिडिओवर खूण व्हायची : पाहिलं.

मग काकू गेल्या.

त्यानंतर मुलाने डब्यात सगळे सिनेमे नवे, फोर-केवाले, एकदम स्वच्छ चित्राचे भरले. बाबांचा वेळ जावा म्हणून. आणि तेव्हापासून गाडी अडकायला लागली. चित्र मध्येच थांबायचं आणि मधोमध एक चक्र फिरत राहायचं. रात्रीची तेवढीच सोबत होती माणसाला, तीही धड चालेना.

गेल्या डिसेंबरातला दुसरा सोमवार. मुलाचा मला फोन आला, दादा, एक लांब नेटवर्कची वायर घेऊन बाबांकडे जाल का? रात्री साडेनऊला मी वायर घेऊन गेलो.

मुलगा फोनवर दिसत होता आणि तिकडून एकेक सांगत होता. आम्ही कपाट सरकवलं. राउटरपासून डब्याला आणि टीव्हीला वायर जोडली. वायफायचा संबंधच तोडला. तरी चक्र ते चक्रच. मग त्याचं लक्ष गेलं, खाली अक्षरं चालू होती. तो म्हणाला, हेच ते. एवढ्या मोठ्या चित्रावर अक्षरं चिकटवायची म्हणजे डब्याला अख्खा सिनेमा जागच्या जागी नव्याने तयार करावा लागतो, त्यात त्याला धाप लागते. अक्षरं बंद केली, आणि सिनेमा पाण्यासारखा वाहायला लागला.

मुलाने विचारलं, बाबा, तुम्हाला ऐकू येतं ना, मग अक्षरं कशाला लावता?

काका म्हणाले, मी लावत नाही. रोज बंद करतो. रोज लागलेली असतात.

अंगठा लागत असेल, असं म्हणून तो हसला. मग जरा अडखळत म्हणाला, टीव्ही दरवेळी आईच्या नावाने उघडतोय, तिच्या नावाला अक्षरं कायमची लावून ठेवलीत. आता ते नाव काढून टाकू या का?

काका रिमोटचं मागचं झाकण उघडत, लावत राहिले.

शेवटची परीक्षा म्हणून मुलाने बाल्कनीतला व्हिडिओ लावायला सांगितला. काकांनी स्वतःच्या फोनवर घेतलेला. काकू गेल्यावर मुलाने तो डब्यात भरला होता. सगळ्यात जड तोच, आणि त्याला अक्षरं नव्हतीच. घरच्या व्हिडिओला कोण लिहिणार? तो न अडकता चालला तर दोष अक्षरांचाच, मग उद्या मी इथून नाव काढतो, म्हणाला. त्याची कामाला जायची वेळ झाली होती. फोन बंद झाला.

काका व्हिडिओ लावेनात.

म्हणाले, त्यात मी एक वाक्य बोललोय. तिच्या मागे उभा राहून. तिला कळलंच नाही.

मी म्हटलं, मग पाटीवर लिहायचं ना.

"दूध संपलं, हे लिहिता येतं रे," ते म्हणाले. "ते नाही लिहिता आलं. आज लिहू, उद्या लिहू, करत राहिलो."

खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी वेळेवर उठणारा माणूस नाही.

त्यांनी "बाबा" नाव निवडलं. अक्षरं बंद. मी स्वतः पाहिलं. आवाज वाढवला, व्हिडिओ लावला आणि रिमोट टीपॉयवर ठेवला.

बाल्कनी. दुपारचं ऊन. काकू पाठमोऱ्या, थोड्या तिरक्या. सुईत दोरा ओवताहेत. इतकं स्वच्छ, की हातावरची शीर दिसत होती. दोरा चुकला... पुन्हा चुकला. कॅमेऱ्यामागे काकांचा श्वास.

मग त्यांचा आवाज. अगदी हळू.

"तू माझ्याआधी जाऊ नकोस."

चित्र थांबलं.

चक्र फिरायला लागलं.

आणि खाली अक्षरं आली. पांढरी. *तू माझ्याआधी जाऊ नकोस.*

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. रिमोट टीपॉयवर. मी हललो नव्हतो...

चित्र मागे गेलं. थोडंसंच. सुई. दोरा. श्वास. वाक्य.

अक्षरं.

चक्र.

पुन्हा मागे...

काका, बंद करा, एवढंच कसंबसं म्हणालो.

काकांनी नजर हलवली नाही.

"थांब," ते म्हणाले. "तिचं वाचून होऊ दे."

आणखी एकदा सुई. दोरा. वाक्य. अक्षरं बराच वेळ राहिली... मग गेली. चक्र थांबलं. काकूंनी दोरा ओवला, गाठ मारली. व्हिडिओ कुठेही न अडकता शेवटपर्यंत गेला.

मी घरी आलो तेव्हा पायात एक चप्पल माझी होती, एक काकांची.

सकाळी मुलाचा फोन. आवाज वेगळाच. दादा, रात्री तो व्हिडिओ आईच्या नावाने लावला होता का? मी म्हटलं, नाही रे, बाबांच्याच. माझ्या डोळ्यांदेखत.

तो म्हणाला, नाव काढण्याआधी सहज दोन्हीकडे बघितलं. बाबांच्या नावाखाली त्या व्हिडिओवर काही नाही. लावलाच नसल्यासारखा.

आईच्या नावाखाली खूण आहे.

पाहिलं.