दसऱ्याचा बार

लक्ष्मीपूजनाच्या भरदुपारी कोणी दारात उभं राहून भांडायला लागलं, तर माणसानं काय करावं? किसनराव मास्तरांनी हातातला अनारसा गुपचूप ताटात ठेवला. अकोल्याहून ते मित्राकडे दिवाळी खायला आले होते. पण मित्र कोण? भगवंत गुल्हाने! अमरावतीत खासगी तपास करणारा माणूस. त्याच्याकडे सुखानं दोन घास खाणं मास्तरांच्या नशिबातच नव्हतं.

"गुल्हाने तुमीच काय? मंग बसून काहून राहिले? उठा!"

बाई चाळिशीची होती. नाकीडोळी नीटस, पण आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

"आधी बसा," भगवंत म्हणाला. "काय झालं ते सांगा."

"मी सत्यभामा. अंजनगाव सुर्जीपासून तीन मैलावर बोरखेडी हाये, तिथली. नवरा गेला, मळा मीच पाहतो. वांगे, रताळे, झेंडू. रानडुकरं येतात म्हनून सरकारनं ठासनीच्या बंदुकीचं लायसन देल्लं. आज सकाळी ठानेदारानं बंदूक नेली. बंदूक गेली तं डुकरं आठ दिवसात रताळे खातीन. मंग मळा गेलाच म्हना!"

"नेली कशासाठी?"

"काल तिन्हीसांजेले उत्तमराव पाटलाच्या दंडाले गोळी लागली. जीव वाचला. ठानेदार म्हनते, तूच झाडली. पाडवा झाला का मले धरून नेनार."

"पाटलाशी तुमचं वाकडं?"

"वाकडं? त्यानं सरकारात अर्ज देल्ला का बाईच्या हाती बंदूक शोभत नाई! पाडव्याले आमच्याकडं नारळ टांगून निशान मारतात. म्या चावडीसमोर सांगतलं त्याले, यंदाचा नारळ मीच फोडीन. पन नारळ म्हनलं होतं! मानूस फोडीन असं नाई म्हनलं!"

मास्तरांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं.

"नुसत्या भांडणावर कोणी बंदूक नेत नाही," भगवंत म्हणाला.

बाईचा आवाज थोडा उतरला. पाटलाच्या वाटेवर ठाणेदाराला एक जळकी चिंधी सापडली होती. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओततात, मग तेलाच्या चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासतात. बार उडाला की चिंधी जळून पुढं पडते. ही चिंधी सत्यभामेच्या हिरव्या लुगड्याची निघाली.

"लुगडं मायंच. पन थे म्या गोधडीसाठी जावेले देल्लं, जमुनाले. अन् माया बंदुकीत तं दसऱ्याचा बार अजून तसाच हाये!"

"दसऱ्याचा बार म्हणजे?"

"गावात ठासनीच्या बंदुका तीनच. मायी, पाटलाची, अन् माया थोरल्या दिराची, नत्थुजीची. दसऱ्याले तिन्ही पुजायच्या, बार भरायचा, अन् गोळीवर आपट्याचं हिरवं पान ठासायचं. थो बार पाडव्याले आभाळात सोडायचा, मंगच नारळाले हात. मधात डुकरं आले तं साऱ्या गावानं रातभर जागून डबे वाजवायचे."

"पण बार उडवून पुन्हा भरता येतो की!" मास्तरांनी मोठ्या रुबाबात मुद्दा काढला.

"ठानेदार बी हेच म्हनला," बाई फणकारली. "तुमचं डोकं त्याच्यासारखंच हाये, मास्तर."

भगवंत तोवर टोपी घालून उभा होता.

रात्र अंजनगावात काढून पाडव्याच्या सकाळी बैलांच्या दमणीतून तिघं बोरखेडीला पोचले. उत्तमराव पाटील ओसरीवर बाजेवर पडले होते. डाव्या दंडाला पट्टी आणि कपाळावर आठ्या.

"झुडपातून धूर निघालेला दिसला. मानूस नाई दिसला," पाटील म्हणाले. "पन त्यात पाहाचं काय? सांजेच्या उजेडात शंभर पावलावरून दंड धरला! असं निशान गावात तिच्याशिवाय कोनाचं हाये?"

"तुमची बंदूक?"

"दसऱ्यापासून खुंटीवर होती. काल ठानेदारानं तिन्ही चावडीत ठेवल्या."

भगवंतनं पट्टी सोडवून जखम पाहिली. बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "यानं स्वतःच मारून घेतली असेल. बाईवर आळ आणायला!"

"जवळून बार उडवला असता तर दारूनं कातडी भाजली असती, मास्तर. तिथं भाजल्याचा डागसुद्धा नाही."

नत्थुजी मात्र गोड माणूस निघाला, इतका गोड की मास्तरांच्या दाढा दुखायला लागल्या.

"बिचारी! मायी भावजय हाये, पन खरं बोलाव लागन, साहेब. नवरा गेल्यापासून डोकं ठिकान्यावर नाई तिचं. मळ्याची काळजी नका करू, थो मी पाहीन. दुसरं कोन हाये तिले?"

"तुमच्या बंदुकीतला दसऱ्याचा बार?"

"जसाच्या तसा. वर पान घातलेलं. देवाची आन!"

पलीकडे त्याची बायको जमुना तांदूळ निवडत होती. भगवंतनं तिला हिरव्या लुगड्याचं विचारलं, तर तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. "गोधडीत गेलं," ती म्हणाली, आणि निवडलेले तांदूळच पुन्हा निवडायला लागली.

घरामागं विहिरीपाशी आपट्याचं झाड होतं. खालची एक डहाळी कोणी ओरबाडली होती. भगवंतनं तिथं बोट लावलं.

"ओली आहे."

"दसऱ्याला तोडली असेल," मास्तर म्हणाले. "चला, ऊन लागतंय."

भगवंत नुसता हसला. त्याच्या या हसण्याचा मास्तरांना भारी राग यायचा.

दहाच्या सुमारास सगळं गाव चावडीपुढं जमलं. पाटलांना बाजेसकट आणलं होतं. ठाणेदारानं सील तोडून तिन्ही बंदुका मांडल्या आणि जांभई दिली.

"तिन्हींत बार आहे. मी गज घालून पाहिलंय. यात आणखी काय पाहणार तुम्ही?"

"गोळीवरचं पान," भगवंत म्हणाला.

बार चुकून उडू नये म्हणून त्यानं आधी बंदुकांच्या घोड्याखालच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या काढून ठेवल्या. मग गजाला बारीक आकडी बांधून ती पाटलाच्या बंदुकीत हलक्या हातानं फिरवली. वाळून तपकिरी झालेलं पान बाहेर आलं. कडा तुटल्या, पण नळीत ठासलेल्या पानाला आलेला वाटीचा आकार तसाच होता. सत्यभामेच्या बंदुकीतूनही अगदी तसंच पान निघालं.

तिसऱ्या वेळी आकडीला हिरवं, मऊ पान आलं.

नत्थुजीचा चेहरा पडला.

"तिघांनीही पान एकाच दिवशी घातलं. त्याला वीस दिवस झाले," भगवंत म्हणाला. "दोन पानं वाळली. नत्थुजी, तुमचंच कसं नाही वाळलं?"

"एक मिनिट!" ठाणेदार पुढं आला. "बाईनं बार उडवला आणि नंतर वाळकं पान घातलं, असंही असू शकतं!"

चावडीतल्या देवाच्या तसबिरीवर दसऱ्याचं पान वाळत पडलं होतं. भगवंतनं ते ठाणेदाराच्या हाती दिलं. "घाला. ठासा."

ठाणेदारानं पान नत्थुजीच्या नळीत सरकवलं आणि गज दाबला. बंदूक उलटी केली, तर त्याच्या बुटांवर नुसता चुरा पडला.

"वाळलेलं पान ठासलं जात नाही, हिरवंच ठासावं लागतं. सत्यभामाबाईंचं पान हिरवेपणी आत गेलं आणि नळीतच वाळलं. म्हणजे दसऱ्यानंतर त्यांची बंदूक उडालीच नाही, पाटलांचीही नाही. नत्थुजींनी आपली उडवली, रातोरात धुतली, पुन्हा भरली. दुसरा कोणी पान विसरला असता. यांना गावची रीत आठवली, म्हणून विहिरीवरच्या झाडाचं ताजं पान तोडलं आणि तिथंच फसले. बायकोच्या गाठोड्यातली चिंधी वापरली, की आळ भावजयीवर यावा. परवाना गेला की डुकरं मळा उकरणार, आणि हिला तो यांच्याच हाती द्यावा लागणार!"

"म्या जीव घ्याले नाई झाडली!" नत्थुजी रडायला लागला. "नुसतं भेव दाखवाचं होतं. नेम चुकला अन् दंडाले लागली!"

"हरामखोरा!" पाटील बाजेवरून अर्धे उठले. त्यांना पुन्हा निजवायला दोघं लागले.

नत्थुजीला शिपायांनी धरलं. ठाणेदारानं बंदूक सत्यभामेपुढं केली. "घे बाई. आता मुकाट्यानं घरी जा."

"घरी? आज पाडवा हाये."

"हे पाहा," पाटील कण्हत म्हणाले, "झालं थे वाईट झालं. पन नारळ मानसाईचा हाये. बाईचं निशान या गावात चालनार नाई."

सत्यभामेनं बंदूक उचलली. रडेल असं मास्तरांना वाटलं. मास्तरांना काय, काहीही वाटायचं!

"परवा चाललं ना!" ती कडाडली. "परवा सांजेच्या उजेडात, शंभर पावलावरून, तुमचा दंड धरला तवा माया निशानावर साऱ्या गावाचा भरोसा होता! मले जेलात घालाचं तं निशान पक्कं, अन् नारळ फोडाचा तं कच्चं? काहून, पाटील? बोला ना!"

गर्दीत आधी एक म्हातारी हसली. मग बाया हसल्या, मग माणसं. ठाणेदार बूट झटकायला लागला.

"टांगा रे नारळ," पाटील शेवटी भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

नारळ साठ पावलांवर टांगला होता. सत्यभामेनं पदर खोचला, टोपी बसवून दसऱ्याचा बार आभाळात सोडला, मग दारू मोजून ओतली, गोळी ठासली, नवी टोपी बसवली आणि नेम धरला. धुरानं मास्तरांचे डोळे चुरचुरले. ते पुसून पाहतात तो दोरीला नुसती शेंडी लोंबत होती.

"दुसरा टांगा," सत्यभामा म्हणाली. "अन् शंभरावर टांगा."