पंखावरचा कागद

मध्यान्हीच्या निवांत वेळी, पुस्तकबांधणीच्या दुकानावरच्या गच्चीत, दोरीला टांगलेल्या चाळीस ओल्या कागदांमध्ये आकाशातून एक विमान उतरले. न सांगता आलेला पाहुणा अलगद बाजेवर टेकावा, तसे ते टेकले. चार हात लांबीचे पंख, कागदी अंग, वर उचललेले शेपूट... ना इंजिन, ना आवाज.

त्या कागदांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. पुठ्ठ्याच्या आत डकवायचे ते अस्तर दुकानाच्या मालकाच्या लेकीने सकाळपासून एकेक करून रंगवले होते. त्यांतले अकरा जागच्या जागी नासले. तिचा राग शांत असे. तो ज्यांनी पाहिला होता, त्यांना आरडाओरडा परवडला असता.

थोड्या वेळाने जिन्यावर धापा ऐकू आल्या. पँटभर कुसळे घेऊन एक तरुण वर आला.

"ताई, माझं विमान..."

"तुमचं आहे होय. मला वाटलं, पोस्टानं आलं."

"ते... वात जरा लांब कापली गेली."

"कसली वात?"

त्याने समजावले. हे इंजिनाशिवायचे विमान दोरीने पतंगासारखे वर चढवून सोडतात. एकदा सुटले की माणसाच्या हाती काही उरत नाही. म्हणून शेपटीला सुताची वात असते. ती धुमसत धुमसत एका रबरापर्यंत पोचते, रबर तुटते, शेपूट वर होते आणि विमान खाली बसते. वात नसली, तर वर जाणारी ऊन हवा त्याला घेऊन जाते... ती कायमचीच.

"म्हणजे कागदांच्या दुकानावर तुम्ही पेटती वात सोडलीत."

"ती नळीत आपोआप विझते, ताई."

"आणि पोटापाण्याला काय करता?"

"घड्याळं दुरुस्त करतो."

"घड्याळजी," ती सावकाश म्हणाली. "आणि वात किती वेळ जळेल, ते मोजता येत नाही."

तो नासलेल्या कागदांकडे पाहत राहिला. "काय सुंदर आहेत हो हे."

"होते."

विमानाचा एक पंख फाटला होता. तसे ते जिन्यावरून नेणे धोक्याचे, म्हणून उद्या पेटी घेऊन येतो असे सांगून, तीनदा क्षमा मागून तो गेला.

तो गेल्यावर तिने विमान नीट पाहिले, आणि तिचा राग नव्याने उसळला. आतल्या लाकडी फासळ्या अत्तराच्या कुपीसारख्या नाजूक. त्यांतल्या प्रत्येकीला घड्याळजीच्या हाताची शिस्त होती. पण त्यांवर चिकटवलेला पातळ कागद! जागोजागी सुरकुत्या, कडांना गुठळ्या. कागदाला लाकडासारखाच धागा असतो, तो पंखाच्या लांबीने धरावा, हे या गृहस्थाच्या गावीही नव्हते. त्याने तो आडवा लावला होता. इतक्या सुंदर देहाला असे कपडे घालावेत?

तिला राहवेना. तिने जुना कागद सोलून काढला, पातळ खळ केली, आपल्या संग्रहातला सर्वांत हलका कागद घेतला, आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही पंख मढवले. वरून पाण्याचा हलका फवारा मारला. वाळताना कागद ताणला गेला आणि टिचकी मारली तर मृदंगासारखा बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आला. पंखावरून त्याने बोट फिरवले. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला आणि मग काहीतरी कोसळले.

"फार सुरेख झालंय," तो म्हणाला. "पण मला हा कागद काढावा लागेल."

"काय म्हणालात?"

"रविवारी स्पर्धा आहे, जुन्या आराखड्यांच्या विमानांची. जो उडवतो, त्यानेच ते संपूर्ण बांधलेलं असावं लागतं. फासळीपासून कागदापर्यंत."

"कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही. पण तसं लिहिलेल्या फॉर्मवर मला सही करायची असते... आणि आराखडा माझा नाही. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांचा आहे. पन्नास वर्षांपूर्वी काढला, बांधायचा राहून गेला. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसतं. पुढच्या वर्षी तेवढंही दिसेल, असं डॉक्टर कबूल करत नाहीत. त्यांचं विमान खोट्या सहीवर कसं उडवू?"

या बोलण्यात चूक काढता येईना, म्हणून तिला अधिकच राग आला. तिच्यासमोर, तिच्याच सुरीने, त्याने तो कागद सोलला. मात्र एकही तुकडा टाकला नाही. गुंडाळी करून ती त्याने खिशात ठेवली. तिने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"आता पुन्हा आडवाच लावणार असाल," ती म्हणाली.

"दुसरं येत नाही मला."

"मग इथं लावा. माझ्यासमोर. मी हात लावणार नाही, पण गप्पही बसणार नाही."

अशा चार संध्याकाळी गेल्या. तो टेबलाशी वाकलेला, आणि ती पलीकडे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. त्याची बोटे चुकली की तिची बोटे पाठीमागे तळमळत.

"खळ आहे ती, लोणी नाही. पातळ लावा."

"अशी?"

"मधून कडेकडे... अहो, मधून. घड्याळात काटे कडेकडून मध्याकडे लावता का?"

"माझा हात धरून शिकवलं असतंत, तर एका दिवसात जमलं असतं."

"नियम तुमचा आहे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखे काहीही नव्हते.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तके शिवत बसलेल्या अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चौथ्या दिवशी दाताने दोरा तोडला. "पहिल्या दिवशी ताई म्हणत होता," ते सुईला उद्देशून म्हणाले. "आता काहीच म्हणत नाही."

रविवारी माळावर वारा बेताचा होता. मास्तर घडीच्या खुर्चीवर, आकाशाकडे तोंड करून बसले होते, आणि ती त्यांच्या शेजारी उभी होती. दोन फेऱ्या चांगल्या झाल्या होत्या. तिसरीत विमान पूर्ण तीन मिनिटे टिकले, तर पहिला क्रमांक होता. नेमका याच वेळी सोडताना विमान धरणारा घड्याळजीचा मित्र पाय मुरगळून बसला.

"तुम्ही धराल?" घड्याळजीने विचारले.

तिचे हात सवयीने पाठीमागेच होते. "चालतं का?"

"धरणाऱ्याला नियम नाही."

तिने ते दोन बोटांनी पेलले. नवा कागद लागल्यापासून पहिल्यांदाच. वात पेटवायला तो जवळ वाकला. काडेपेटी हातात, श्वासाएवढे अंतर... मग तो एकदम ताठ झाला, वळला, आणि दोरी घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावत सुटला. त्याने हात वर केला. तिने बोटे सैल केली.

विमान चढले, दोरीतून सुटले, आणि संथ प्रदक्षिणा घालू लागले. उन्हात त्याचे पंख दिव्याच्या काचेसारखे उजळले. एकही सुरकुती नव्हती.

"आहे का?" मास्तरांनी विचारले.

"आहे. वर जातंय."

वेळ मोजणाऱ्याने तीन मिनिटांचा हात केला. टाळ्या झाल्या. साडेतीन झाली, चार झाली.

"शेपूट का वर होत नाही?" तिने विचारले.

घड्याळजीने खिशातून काडेपेटी काढली. तिच्याकडे पाहिले.

"वात... पेटवायची राहिली."

"राहिली?"

"आहे का अजून?" मास्तर.

"ठिपक्याएवढं आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गेलं, मास्तर. वरच गेलं."

मास्तरांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "पन्नास वर्षं गुंडाळून पडलं होतं," ते म्हणाले. "त्याला तरी किती दिवस धीर धरवणार?" त्यांचा चेहरा विलक्षण उजळला होता.

ती मात्र धुमसत होती. मिळालेला पहिला क्रमांक गेला खड्ड्यात. चार संध्याकाळी तिने श्वास रोखून जे घडताना पाहिले, ते या माणसाने एका काडीच्या आळसापायी वाऱ्यावर सोडले. पुढचे नऊ दिवस ती त्याच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून गेली.

दहाव्या दिवशी एक वायरमन सायकलवरून विमान घेऊन दारात आला.

"तुमचंच ना हे? खांबाला लटकलं होतं. चिठ्ठीवर इथलाच पत्ता आहे. एवढं मोठं विमान सांभाळता येत नाही होय तुम्हाला?"

विमानाच्या पोटावर चिठ्ठी डकवली होती. 'सापडल्यास येथे पोचवावे', आणि खाली, सुबक अक्षरात, पुस्तकबांधणीच्या दुकानाचा पत्ता. तिने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. कागद तिच्याच संग्रहातला होता. तिने पंखाला लावलेला आणि त्याने सोललेला.

विमान काखेत घेऊन ती थेट घड्याळजीच्या दुकानात शिरली. चहूबाजूंनी घड्याळे टिकटिकत होती. त्याने डोळ्यावरचे भिंग काढले.

"माझा पत्ता कुणाला विचारून लिहिलात?"

"पहिल्यांदा ते आपलं आपण तिथंच आलं होतं."

"आणि हा कागद?"

"पंखावर चालत नव्हता. चिठ्ठीला नियम नाही... एवढा तरी तुमचा हात बरोबर असावा, असं वाटलं."

"आणि वात?"

त्याने हातातले भिंग खाली ठेवले. "वाकलो होतो पेटवायला. तुम्ही श्वास रोखून पंख धरला होता. मीही रोखला. मग... पुढचं काही आठवेना."

"म्हणजे चूक माझी."

"निम्मी."

तिने विमान त्याच्या टेबलावर ठेवले, घड्याळांच्या चाकांना धक्का लागणार नाही असे.

"एका फॉर्मवर खोटी सही नको म्हणून माझा कागद सोलणारा माणूस," ती म्हणाली, "विमानावर धडधडीत खोटा पत्ता लिहितो. राहता तरी का तुम्ही तिथं?"

"चुकलं. पुसून टाकतो."

"खबरदार पुसलात तर." तिचे हात नकळत पाठीमागे गेले होते, तिने ते पुढे आणले. "खरा करा. दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. अण्णांशी येऊन बोला."

घड्याळजी उठून उभा राहिला. "आज येऊ?"

"आज या. आणि कृपा करून," दारातून वळून ती म्हणाली, "जिन्यावर ताई म्हणून हाक मारू नका."