स्वेटर आणि काटा

आमची पहिली भेट झाली ती माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. प्रयोगशाळेत त्याच्या हातून लोखंडी स्टँड निसटला, मी कळवळले, आणि हा म्हणतो, "बरं झालं, स्टँड वाचला." या माणसाशी जन्मात बोलायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. बाईंनी नेमका तोच माझा जोडीदार म्हणून नेमला.

त्याला सगळे 'स्वेटर' म्हणत. आत्याने विणलेला निळा नायलॉनचा स्वेटर त्याच्या अंगावरून कधी उतरतच नसे.

प्रयोग तसा सरळ. धातूच्या गोळ्याला विद्युतभार द्यायचा, क्षेत्र मोजणारं मीटर पट्टीवरून मागे सरकवायचं आणि त्याचा काटा वाचायचा. भार दुप्पट केला की विद्युतक्षेत्र दुप्पट, अंतर दुप्पट केलं की क्षेत्र पाव. आमचा काटा मात्र मीटर लांब नेलं तरी मध्येच उसळी मारायचा. बाईंनी दोनदा आम्हाला परत पाठवलं होतं. आज तिसरी आणि शेवटची संधी होती. नापास झाले तर शिक्षण बंद, असं बाबांनी घरी स्पष्ट सांगून ठेवलेलं.

मी गोळा पुसला, तारा तपासल्या. काटा उसळलाच. तो पेन आणायला दाराकडे गेला, आणि काटा गुपचूप जागेवर आला. तो परत येऊन माझ्या खांद्यावरून वाकला... पुन्हा उसळी.

मी काट्याकडे पाहिलं. मग स्वेटरकडे.

"हे तुझ्या स्वेटरमुळे होतंय. नायलॉनवर भार साठतो."

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे... मागच्या वेळीच लक्षात आलं होतं माझ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मूग गिळून बसलास?"

"सांगितलं असतं तर तू मला दाराशी उभं केलं असतंस," तो खाली बघत म्हणाला. "आकडे वाचताना तुझे केस माझ्या कानाला लागतात – ते लागले नसते."

"माझं वर्ष जात होतं, शहाण्या. तुझ्या कानापायी."

"काढून ठेवतो स्वेटर."

"काढताना आणखी चटचटेल तो. दाराशी जा. आणि तोंड उघडू नकोस."

तो गेला. काटा शहाण्यासारखा वागू लागला. अंतर दुप्पट, क्षेत्र पाव. भार दुप्पट, क्षेत्र दुप्पट. मला रडू येत होतं, पण रागाने डोळे कोरडेच राहिले.

बाई आल्या तेव्हा तो दारातूनच बोलला, "बाई, आधीचे दोन्ही वेळचे आकडे माझ्यामुळे बिघडले. मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही. हिला नापास करू नका."

बाईंनी काटा पाहिला आणि माझ्यापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं. "तू पुढच्या आठवड्यात सगळं पहिल्यापासून कर," त्याला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तो दाराशीच उभा. माझा राग तसूभर उतरला नव्हता. पण त्याला तिथे, इतक्या लांब बघणंही मला सोसत नव्हतं, आणि सोसत नाही याचा तर अधिकच राग येत होता.

"सुती शर्ट घालून ये," मी तारा गुंडाळत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तुझे आकडे मी वाचणार आहे."

"लांबून?" त्याने विचारलं.

"लांबून पट्टी दिसत नाही मला."