टाकीतला साबण

"मॅडम, आमच्या टाकीत साबण झालाय," फोनवरची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

कर्जतला फौजदार म्हणून आल्यापासून अपेक्षा गायकवाडने नाना तक्रारी ऐकल्या होत्या. साबणाची ही पहिलीच. ती हसणार, तोच पलीकडून पुढचं वाक्य आलं.

"आणि नागूदादा गायब झाला, तो त्याच रात्री."

अपेक्षाचं हसू तिथंच विरलं. नागूची बायको शकू कालच पोलीस ठाण्यात येऊन रडून गेली होती. नवरा कामाला गेला तो परतलाच नव्हता.

दहिवलीच्या बाहेर, कापणी होऊन ओस पडलेल्या भातखाचरांना लागून हरेशशेठचा कारखाना होता. वडापावच्या गाड्यांवरचं, ढाब्यांवरचं जळकं तेल गोळा करायचं आणि त्यात रसायनं घालून गाड्यांना चालेल असं डिझेल बनवायचं, हा धंदा. एरवी तिथं शिळ्या भज्यांचा वास यायचा. आज त्यात काहीतरी उग्र मिसळलं होतं, नाक चुरचुरत होतं. मागच्या बाजूला जेसीबी खड्ड्यात माती लोटत होता. कुंपणाशी एक कुत्रं उभं होतं, पण आत पाऊल टाकत नव्हतं.

फोन करणारी ऋतिका दारातच भेटली. तेल तपासायचं काम तिच्याकडे. ती तोंड उघडणार, तेवढ्यात शेठ स्वतः पुढे आले.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? नागू चोर निघाला. पंपाची मोटर घेऊन पळाला."

"पळताना पाहिलंत?"

"पाठमोरा. स्टेशनच्या रस्त्याला लागला होता."

"आणि साबणाचं काय?"

"ती तेल आणणाऱ्या टेंपोवाल्या चांगोची मेहेरबानी. तेलात पाणी असलं की डिझेल व्हायचं सोडून साबण होतो. अख्खा घाणा नासला. तो पुरायला तर जेसीबी आणलाय. आणि ऐका, याच चांगोनं मागच्या आठवड्यात नागूची गचांडी धरली होती."

चांगो टेंपोला टेकून उभा होता. तोंड पार उतरलेलं.

"नागूशी भांडलास?" अपेक्षाने विचारलं.

"भांडलो. गाडी आडवी लावली म्हनून. दुसऱ्या दिशी त्याच्याच डब्यातली भाकर खाल्ली. आमचं तसंच हाय, मॅडम."

"तेलात पाणी होतं?"

"नाय! इथं तव्यावर टाकल्याबिगर तेल घेतच नाय. इचारा हिला."

ऋतिकाने मान डोलावली. तापल्या तव्यावर तेल टाकायचं. पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर गप्प राहतं. चांगोच्या त्या खेपेतलं एक पिंप अजून शिल्लक होतं. अपेक्षाने तवा तापवायला लावला आणि स्वतःच्या हाताने पळीभर तेल सोडलं. सगळे कान देऊन उभे राहिले. तेल नुसतं धुरावलं. तव्यानं हूं की चूं केलं नाही.

"एका पिंपावरून काय कळतं?" हरेश म्हणाला.

"मी सगळीच तपासली होती," ऋतिका पुटपुटली. शेठकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

कुठंतरी पाणी मुरत होतं, हे अपेक्षाला कळून चुकलं.

एवढ्यात फाटकाशी गलका झाला. शकू आली होती. जमलेल्यांत कुणीतरी "चोराची बायको" म्हणालं, अगदी तिला ऐकू जाईल असं. ती खाली मान घालून आत आली आणि टाकीच्या शिडीशी थबकली. शिडीखाली जुन्या चपलांची रांग होती.

"मॅडम, ही त्याची," तिने बोट दाखवलं. अंगठा तारेनं शिवलेला होता. "मीच शिवलाय."

"टाकी धुवाया उतरताना चपला तिथंच काढतात," चांगो म्हणाला. "नायतर माती जाते ना तेलात."

"बूट घालून गेला असेल," हरेश घाईने म्हणाला.

"बूट?" शकू म्हणाली. "लग्नातबी नव्हतं त्याच्याकडं."

अपेक्षाने वर पाहिलं. शिडीच्या टोकाला खुंटीवर विषारी वाफेपासून वाचवणारा मास्क टांगला होता. त्याचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं.

"शकूताई, याआधी कधी टाकीत साबण झाला होता?"

"झालता की. दिवाळीच्या आधी. आमी समद्या बाया बादल्या घेऊन आलो. भांडी लख्ख निघतात. शेठनी फुकट नाय दिला, इकत दिला."

अपेक्षा वळली आणि जेसीबीवाल्याकडे बघून ओरडली, "थांब रे! भरलेला खड्डा परत उकर. तळापर्यंत."

हरेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, तो नासका माल..."

"तेच मला कळेना, शेठ. तुम्ही कवडीचुंबक. टाकीच्या तळाचा गाळसुद्धा विकता. मागचा साबण विकलात, मग हा मातीत का घालताय? तुम्हाला साबण पुरायचा नव्हताच. तुम्हाला खड्डा हवा होता. उगाच जेसीबी आणला असता तर सगळ्या गावानं विचारलं असतं. नासका माल पुरायचाय म्हटल्यावर कोण विचारणार? म्हणून कोरडं तेल टाकीत घेतलंत आणि स्वतःच पाण्याचा पाइप सोडलात. आळ चांगोवर. मोटर तुमच्याच गोदामात निघेल."

जेसीबीच्या दातांना पिवळट, चिकट लगदा लागून वर येत होता.

"नागू टाकी धुवायला उतरला. आत वाफ कोंडली होती. मास्क खुंटीवरच राहिला. मग खालच्या झाकणातून त्याला बाहेर काढलंत, खड्डा तयार झाल्यावर रात्री तळाशी ठेवलंत, वर माती ओढलीत आणि त्यावर साबण. त्या वासानं कुत्रीही फिरकली नाहीत."

"मी ढकललं नाही त्याला!" हरेश किंचाळला. "वाफेनं पडला तो! बोभाटा झाला असता तर माझा कारखाना बंद झाला असता!"

"त्यानं हाक मारली होती?"

हरेशची नजर शिडीच्या टोकाकडे गेली.

"मारली होती," तो म्हणाला. "मी वरच होतो."

"आणि मास्क तुमच्या हाताशी होता."

जेसीबी थांबला. चांगो फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. काही वेळाने त्याचा फुटका आवाज आला, "वयनी, पुढं येऊ नका."

शकू गेलीच. खड्ड्यात एकदा पाहिलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. मग ती परत आली, शिडीखालच्या त्याच्या चपला उचलून छातीशी धरल्या आणि हरेशसमोर उभी राहिली. आयुष्यभर तिने त्याला शेठ म्हटलं होतं.

"चोर म्हनलास ना रं त्याला? समद्या गावापुढं? मग आता गावापुढंच बोल."

अपेक्षाने हरेशचा दंड धरून त्याला फाटकाकडे नेलं, गर्दीसमोर उभं केलं आणि गाडीत काही बसवलं नाही. कुणी हललं नाही. शकूही नाही.

अखेर तो बोलला.

"नागू चोर नव्हता."

"मोठ्यानं," अपेक्षा म्हणाली.