ओहोटीचे मेल

त्या गुरुवारी दुपारी ऋग्वेदाच्या इनबॉक्समध्ये तीन हजार एकशे अठ्ठेचाळीस न वाचलेले मेल होते. त्यांतले एकोणीसच कोणी खास तिला लिहिलेले, बाकी सगळे चर्चागटांचे. शंखशिंपल्यांचा गट, खेकड्यांचा गट, समुद्री शेवाळाचा गट, आणि आणखी दोन, ज्यांत आपण कधी शिरलो तेही तिला आठवत नव्हतं. परळच्या प्रयोगशाळेत किनाऱ्यावरच्या गोगलगायींवर काम मिळालं, तेव्हा उत्साहाच्या भरात तिने दिसेल त्या गटात नाव घातलं होतं. आता कोणी एक शिंपल्याचा फोटो टाकायचा आणि चाळीस जण 'सुंदर' म्हणून कळवायचे. त्या गर्दीत प्रयोगशाळेतल्या मॅडमचा मेल बुडाला आणि सकाळी तिला बोलणी खावी लागली.

म्हणून दादरच्या उपाहारगृहात थंड पियूषचा ग्लास बाजूला सारून ती अंगठ्याने एकेक मेल उडवत बसली होती. तिथे एकट्या माणसाला अख्खं टेबल मिळत नाही. वेटरने समोर एकाला आणून बसवलं होतं.

"तो राहू द्या..." समोरचा म्हणाला. "उडवलात."

"तुम्ही माझ्या फोनमध्ये बघताय?"

"बघत नव्हतो. पण स्वतःचं नाव उलटंसुद्धा वाचता येतं."

तिने उडवलेला मेल परत आणला. पाठवणारा वैभव परब. विषयाच्या आधी कंसात गटाचं नाव, 'किनारा', आणि खाली दोनच ओळी: 'वरळी, ओहोटी. गोगलगायी बासष्ट, कालवं सत्तावीस, खेकडे चार. निरीक्षक: एक.'

"एवढंच? फोटो नाही, सूर्योदय नाही?"

"मोजलं तेवढं लिहिलं."

हे तिला आवडलं. तसं दाखवायचं नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "आणि निरीक्षक एक कशाला? नाव तर वर आहेच."

"किती जणांनी मोजलं ते कळायला नको? सकाळी चिखलात यायला दुसरं कोणी तयार नसतं."

"विचारलंय कोणाला?"

तो साबुदाणा वडा मोडत म्हणाला, "गटावर विचारलं होतं. तुम्ही उडवलं असेल."

वैभव डिलाईल रोडला राहायचा आणि लोअर परळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. बिल येईपर्यंत त्याने तिच्या फोनवर फिल्टर लावून दिला. "ही चाळणी समज... समजा. विषयात गटाचं नाव असलं की मेल इनबॉक्सला न शिवता थेट फोल्डरमध्ये. वेळ मिळेल तेव्हा वाचायचं."

"समज चालेल," ती म्हणाली.

मग दर गुरुवारी वेटर न विचारता दोघांना एकाच टेबलावर बसवू लागला. ती त्याच्या शब्दांना हसायची, कारण घरी गिरगावात शिंपल्यांना नुसतं शिंपल्या म्हणत, आणि त्याच्या आईकडे प्रत्येकीला वेगळं मालवणी नाव आणि वेगळं कालवण होतं. एकदा त्याने तिचा नंबर मागितला.

"नंबर नाही देत मी. फोनवर आणखी पाच ग्रुप चिकटतील. मेल कर, आता बघते मी."

"बघतेस?"

"तुझ्या कृपेने," असं म्हणून तिने त्याच्या बशीतला अर्धा वडा उचलला. त्याने बशीच तिच्याकडे सरकवली.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. समोर एक काका मिसळ भुरकत बसले. ऋग्वेदाने दोनदा इनबॉक्स उघडला. आत सहा मेल होते, त्याचा एकही नव्हता. इतका स्वच्छ इनबॉक्स तिला पहिल्यांदाच नकोसा वाटला.

रविवारी सकाळी तिला राहवेना. निदान त्याची ओहोटी तरी वाचावी म्हणून तिने फोल्डर उघडला. शेवाळाबद्दल तिने गटावर विचारलेल्या एका प्रश्नाखाली त्याचं उत्तर होतं, मंगळवारचं, फक्त तिच्या पत्त्यावर आलेलं.

'ऋग्वेदा, समोर बसून हे बोलता येत नाही, तुझं लक्ष वड्याकडे असतं. ऑफिस मला बंगळूरला पाठवतंय. सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. मला जायचं नाही, आणि कारण फक्त समुद्र नाही. विचार करायला तुला मोकळीक हवी, म्हणून गुरुवारी येत नाही. रविवारी सकाळच्या ओहोटीला वरळीला ये. नाही आलीस तर मी समजेन आणि बॅग भरेन.'

"आई, मी वरळीला जाऊन येते."

"अगं, पोहे टाकलेत..."

ती जिना उतरलीसुद्धा.

टॅक्सीतून उतरली तेव्हा पाणी परत फिरलं होतं. वैभव कठड्यावर बसून पाय वाळवत होता.

"ओहोटी संपली," तो म्हणाला.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. "तुझ्याच चाळणीत अडकलास. गटातल्या मेलवर रिप्लाय दाबलास, विषय तोच राहिला. मी आत्ता वाचलं."

त्याने विषयाची ओळ वाचली. मग मानेवर हात फिरवत म्हणाला, "मला वाटलं, उडवलास."

"टेस्टर ना रे तू?"

"स्वतःचं काम स्वतः तपासायचं नसतं. त्याला दुसरा माणूस लागतो."

"मग मी तपासत जाईन." एवढं बोलून तिलाच वाक्य जड झालं. वाऱ्याने तोंडावर आलेले केस तिने तसेच राहू दिले. "उद्या काय सांगणारेस?"

"तू सांग."

"नाही म्हणून सांग त्यांना. इथे राहा... आणि माझंही कारण फक्त गोगलगायी नाहीत."

तो हसला. तिने त्याचा फोन घेतला आणि स्वतःचा नंबर टाकला.

"ग्रुपमध्ये घालू?" त्याने विचारलं.

"घालून तर बघ."

पायऱ्यांखाली खडकाची एक पट्टी अजून उघडी होती. ऋग्वेदाने चपला हातात घेतल्या. त्याने पुढे केलेला हात तिने धरला, आणि घसरण नव्हती तिथेही सोडला नाही.

संध्याकाळी गटावर मेल आला.

'वरळी, भरती सुरू झाल्यावर. गोगलगायी अठरा, कालवं सहा, खेकडा एक. निरीक्षक: दोन.'