आवक क्रमांक ४१७

भिंतीवरच्या यादीत अस्मिता सुर्वेचं नाव पहिलं होतं, आणि त्यावर लाल रेघ मारलेली होती.

नगरवाहिनी म्हणजे शहराची बससेवा. तिच्या प्रवासी मदत खिडकीसाठी जागा एक आणि अर्ज सहाशे. लेखी परीक्षा झाली, फोनवर बोलायची परीक्षा झाली, मुलाखतही झाली. आज मूळ कागद दाखवले की नेमणूकपत्र मिळणार होतं. अस्मिता तरसालीहून पाऊण तास आधीच येऊन बसली होती.

"बेन, तमे जाते ज ना पाडी छे," आवक खिडकीतला गजेंद्र म्हणाला. तिने स्वतःच नकार कळवलाय, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने फाइलमधलं पत्र काढून दाखवलं. मला ही नोकरी नको, अशा गुजरातीत टाइप केलेल्या दोन ओळी. खाली सही.

अस्मिता पत्राकडे बघत राहिली. सही तिचीच होती. पत्र तिचं नव्हतं.

गजेंद्रने पत्रासह तिला तक्रार अधिकारी निरुपमा पागेदार यांच्याकडे नेलं. निरुपमाबाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि साहेब लोक ती बोटांवर मोजत होते, कारण बाई फाइल पूर्ण वाचत. नियम त्यांनी तिथल्या तिथे सांगितला. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला आज पाचला नेमणूकपत्र जाईल. त्याआधी पत्र खोटं ठरलं तरच काही होईल. अस्मिताला पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण होत होती. वयोमर्यादा तेवढीच, म्हणजे पुन्हा अशी संधी नाही.

बाईंनी पत्र उजेडात धरलं. मजकूर पानाच्या डोक्याशी, सही पार तळाशी, मध्ये वीतभर कोरी जागा.

"कोऱ्या कागदावर सही केली होतीस?"

"मुद्दाम नाही. पण झेरॉक्सच्या प्रत्येक प्रतीवर सही लागते ना, चाळीसेक केल्या. अर्ध्या कुशलच्या दुकानात, अर्ध्या घरी. घाईत एखादा कोरा कागद आला असेल."

"कुशल कोण?"

"शेजारी. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे." ती थांबली. "प्रतीक्षा यादीत पहिला तोच आहे."

आता वाचकांना वाटेल, झालं, सापडला. गजेंद्रलाही तसंच वाटलं. निरुपमाबाईंनी मात्र पत्र उलटं केलं. त्याला अस्मिताच्या ओळखपत्राची प्रत टाचणीने जोडली होती आणि टाचणीचं टोक परत कागदात खुपसलेलं होतं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. मग त्यांनी अस्मिताने आणलेली फाइल चाळली. तीही टाचण्यांनी लावलेली होती. ती त्यांनी टेबलावरच ठेवून घेतली.

आवक रजिस्टरात पत्राची नोंद होती. क्रमांक ४१७, गेला बुधवार. नाव आणि वेळ आणून देणाऱ्यानेच लिहायची पद्धत. नाव अस्मिताचं, सुट्या ठळक अक्षरांत. वेळ, १४.२०.

गजेंद्रला आठवत होतं ते एवढंच. पुरुष होता, डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल. उन्हाळ्यात अर्धं बडोदं तसंच फिरतं. भाऊबीऊ असेल असं त्याला वाटलं. पत्रांची पेटी समोरच होती, सगळे तिच्यातच टाकतात; हा मात्र नोंद करा, क्रमांक द्या म्हणून अडून बसला होता.

अस्मिताला बाहेर बसवून बाईंनी तिच्या मुलाखतीचा कागद काढला. ही नोकरी का हवी, या प्रश्नाखाली तिचं उत्तर टिपलेलं होतं: वडील रेल्वे स्टेशनवर अठ्ठावीस वर्षं चौकशी खिडकीत होते. मी लहानपणी डबा घेऊन जायची. माणसं त्यांच्याकडे घाबरीघुबरी यायची आणि शांत होऊन जायची. मला ते करायचं आहे.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला, आणि दोन फोन केले.

कुशल तीन-पंचविसाला आला. अभ्यागतांच्या वहीत त्याने नाव लिहिलं, वेळ लिहिली, ३.२५. त्याच्या फाइलमध्ये जागोजागी स्टेपलरच्या पिना होत्या. आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, मला नोकरी पाहिजे, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण तिच्या सगळ्या प्रती मी फुकटात काढून दिल्यात. बुधवारी मी वाघोडियाला होतो, साडूच्या घरी. फोन लावून विचारा."

फोन लावला. तो खरंच तिथे होता.

मग गोविंदराव सुर्वे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलीवर अन्याय झाल्याचं ऐकून धावत आलेल्या बापाला येतो तो संताप त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. वही पुढे केल्यावर त्यांनी वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि वेळ लिहिली. १५.४०.

बाईंनी अस्मिताला आत बोलावलं.

"फाइल कोणी लावली?"

"बाबांनी. सगळे कागद तेच लावतात."

निरुपमाबाईंनी चष्मा काढून ठेवला. पुढचं त्या गोविंदरावांकडे न बघता बोलल्या. "घरी सह्या करताना एक कोरा कागद गठ्ठ्यात सरकवला गेला. त्यावर नंतर दोन ओळी छापल्या. टाचणीचं टोक असं आत वळवायची सवय जुन्या ऑफिसातल्या माणसाची. दुपारचे दोन-वीस चौदा-वीस असे लिहायची सवय रेल्वेतली. तरी हे कुणाचंही असू शकलं असतं. पण लपून काम करणारा माणूस पत्र पेटीत टाकून निघून जातो. हा नोंदीसाठी अडून बसला. ज्याचा जन्म खिडकीत गेला त्याला आवक क्रमांक नसलेलं पत्र दिल्यासारखंच वाटत नाही."

अस्मिता वडिलांकडे वळली.

"बाबा?" अस्मिता म्हणाली.

गोविंदरावांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी सांगितलं, आणि ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. एका वर्षी गाडीला अपघात झाला. मृतांची यादी जाहीर होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असा वरून हुकूम होता. शहरातल्या समा भागातून एक बाई तीन दिवस रोज खिडकीत येत होती, मुलगा त्या गाडीत होता म्हणून. मुलाचं नाव पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोरच्या कागदावर होतं.

"मी तीन दिवस तिला सांगत होतो, गाडी लेट आहे. ती मला रोज थँक्यू म्हणायची. तू डबा घेऊन यायचीस त्याच दिवसांत. तुला वाटायचं, लोक शांत होऊन जातात. अस्मे, मला तुला त्या खुर्चीत बघवलं नसतं."

"मग मला सांगायचं होतंत."

"यादीत नाव नाही एवढंच तुला कळेल असं वाटलं. पत्र दाखवतील असं वाटलं नव्हतं."

घड्याळात साडेचार होत आले होते. निरुपमाबाईंनी कोरा कागद आणि पेन अस्मितापुढे ठेवलं. खोटं पत्र कोणी दिलं ते नावानिशी लिहून द्यायचं. नाव परत यादीत येईल. तिचा कागद मात्र नियमाप्रमाणे पोलिसांकडे जाईल.

"लिही," गोविंदराव म्हणाले. "माझं नाव लिही."

अस्मिताने पेन उचललं. तारीख लिहिली. स्वतःचं नाव लिहिलं. मग पेन कागदावर टेकवून ती तशीच बसली, आणि त्या टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

पाचला पाच कमी असताना अस्मिताने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. बाहेर बाकावर कुशल बसला होता. "नीट कर," एवढंच ती त्याला म्हणाली. त्याला मान वर करता आली नाही.

बसस्थानकावर ऊन अजून होतं. गोविंदराव तिच्या दोन पावलं मागे उभे राहिले. गेल्या पाच वर्षांत ते शहर बसने एकट्याने फिरले नव्हते, बुधवारीसुद्धा रिक्षाच केली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, तरसालीची बस कुठून सुटते.

अस्मिताने सगळे मार्ग पाठ केले होते, सहा महिने, रोज पहाटे उठून. ती वळली. परीक्षेसाठी आरशासमोर घोटून घोटून बसवलेल्या त्या शांत, गोड आवाजात ती बापाला म्हणाली,

"नमस्कार. तरसालीसाठी चौदा नंबर, फलाट तीन. सतरा-दहाला सुटेल. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"